तीन भाऊ, एक विहीर: अबोला कसा सोडवायचा आणि पाळी कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात तीन भावांची मिळून साडेसात एकर जमीन. नऊ वर्षांपूर्वी तोंडी वाटणी झाली, प्रत्येकी अडीच एकर. सातबारा अजून एकत्रच आहे. विहीर एक, ती मधल्या भावाच्या, म्हणजे अण्णाच्या, वाट्यात आली. थोरल्याची, म्हणजे दादाची, आणि धाकट्याची द्राक्षबाग, मधल्याचा मका आणि कांदा. आई-वडील थोरल्याकडे, बहीण सिन्नरला दिलेली. धाकटा भाऊ विचारतो: "अण्णाशी अडीच महिने बोलणं बंद आहे. माझ्या पाळीला विहिरीत पाणी नसतं आणि बांध दरवर्षी माझ्याकडे सरकतोय. कोर्टात जायचं नाही, पण गप्पही बसवत नाही. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात विहिरीपासून करा, आणि बोलायला जाऊ नका, मोजायला जा.

तुम्ही अण्णाच्या घरी "आपण एकदा बसून बोलू" म्हणत गेलात तर पाच मिनिटांत विषय नऊ वर्षं मागे जाईल. वाटणीच्या दिवशी कोण काय बोललं, कुणाच्या लग्नाला किती खर्च झाला, आजारपणात कोण रात्री थांबलं, सगळं निघेल आणि पाणी बाजूलाच राहील. भावकीतल्या बैठकी बहुतेक अशाच मोडतात. तुम्हाला वाटतं अण्णा जास्त उपसतो. अण्णाला वाटत असणार, विहीर माझ्या वाट्यात असून मी दोघांना पाणी देतो, वर बोलही मीच खातो. दोघांपैकी कुणाकडेही आकडा नाही. आकडा नसला की ज्याच्या बागेचं पान सुकतं त्याला भाऊ चोर वाटायला लागतो.

म्हणून एक काम घेऊन जा. संध्याकाळी, दूध काढून झाल्यावर आणि जेवणाआधी, एकट्याने. दादाला बरोबर नेऊ नका, दोघं मिळून आल्यासारखं दिसतं. पारावर, सोसायटीत, डेअरीवर विषय काढू नका, आणि पोराच्या हाती निरोप तर मुळीच पाठवू नका. त्याच्या ओट्यावर बसा आणि एवढंच म्हणा: "अण्णा, रविवारी सकाळी विहिरीचं पाणी मोजायचंय. दादा येतोय. टेप माझ्याकडे आहे, दोरी तुझी लागेल." दोरी मुद्दाम मागायची. त्यामुळे मोजणी तुमची एकट्याची राहत नाही, त्याचाही हात लागतो. तो जुनं काही काढू लागला तर "ते पण बोलू, आधी रविवारी एवढं करू" म्हणा आणि थांबा. वहिनींनी चहा ठेवला तर तो घेऊनच उठा, अण्णा गप्प बसला असला तरी. तिथल्या तिथे होकार मागू नका. अडीच महिन्यांचा अबोला एका संध्याकाळी सुटत नाही. पण माणूस ओट्यावर येऊन गेला की पुढच्या दिवशी विहिरीवर भेटल्यावर मान वळवणं दोघांनाही जड जातं.

आता मोजायचं कसं. आधी विहिरीचा व्यास फुटांत घ्या, कठड्याच्या आतल्या बाजूने. त्याचा वर्ग करून २२ ने गुणा, म्हणजे एक फूट पाण्यात किती लिटर ते कळतं. समजा व्यास ३० फूट आहे. ३० गुणिले ३० म्हणजे ९००, गुणिले २२ म्हणजे १९,८००. एका फुटाला धरून चाला २० हजार लिटर. मग मोटर चालू करून पाइपच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम लावा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ३० सेकंदांत भरला तर तासाला २४,००० लिटर. तीनदा भरून सरासरी घ्या. पहिला ड्रम पाइपात हवा असल्याने खोटा येतो, तो धरू नका.

तिसरं माप सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच कुणी घेत नाही: आवक. संध्याकाळी सहाला मोटर बंद करा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्या, दोरीवर गाठ मारा. रात्रभर कुणीही मोटर लावायची नाही. सकाळी सहाला परत पातळी घ्या. पाणी चार फूट वर आलं तर १२ तासांत ७९,२०० लिटर आले, म्हणजे तासाला ६,६००. दिवसाचे २४ तास धरले तर १ लाख ५८ हजार. विहीर खाली असताना आवक जरा जास्त असते आणि भरत आली की मंदावते, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे, पण वाटपाला पुरेसा आहे.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की भांडण कुठे आहे ते दिसतं. वीज आठ तास असते. आठ तास मोटर चालली तर १ लाख ९२ हजार लिटर उपसा होतो आणि दिवसाची आवक आहे १ लाख ५८ हजार. म्हणजे आठही तास मोटर चालवणारा आपल्या दिवसाचं पाणी संपवून दुसऱ्याच्या दिवसातलं ३४ हजार लिटर, म्हणजे विहिरीचा पावणेदोन फूट, घेऊन जातो. त्याला ते माहीतही नसतं. त्याने तर पाळीचा दिवस सोडून एक तासही मोटर लावलेली नसते! त्याच्या मागून ज्याची पाळी येते त्याच्या नळीला मात्र पाचव्या-सहाव्या तासाला हवा येते. तुमच्याकडे हेच होत असावं. अण्णाच्या मागून तुमची पाळी असेल तर तुम्हाला अण्णा दिसतो. अण्णा दादाच्या मागे असेल तर त्यालाही कुणीतरी दिसत असणार.

यावर नियम साधा आहे. पाळी दिवसाची असली तरी मोटर साडेसहा तासच चालवायची. साडेसहा तासांचा उपसा १ लाख ५६ हजार, म्हणजे आवकेच्या आतच. उरलेला दीड तास विहिरीला सोडायचा. घरचं पिण्याचं आणि फवारणीच्या टाकीचं पाणी त्यातून घ्या, पण तेही वहीत लिहून. फेब्रुवारी ते मे दर महिन्याच्या १ तारखेला आवक पुन्हा मोजा आणि तास कमी करा. पाऊस लागला की मोजायची गरज उरत नाही, तेव्हा पाण्यावरून कुणी भांडत नाही.

पाळी वारावर बांधू नका. "सोमवार-मंगळवार दादा, बुधवार-गुरुवार अण्णा" अशी पाळी ऐकायला सोपी, पण शेतीच्या थ्री-फेज विजेचं वेळापत्रक अनेक ठिकाणी वाराप्रमाणे असतं, काही वार दिवसा आणि काही वार रात्री. वार ठरला की एका भावाच्या वाट्याला कायमचं रात्रीचं पाणी येतं. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, रात्री दोनला बागेत व्हॉल्व्ह फिरवायला जाणं ही लहान गोष्ट नाही. घरातली बाई तो माणूस परत येईपर्यंत जागी असते. तिच्या मनात जे साचतं ते पुढे जावाजावांच्या बोलण्यातून बाहेर पडतं आणि आपण म्हणतो, बायकांमुळे घर फुटलं. त्यापेक्षा तीन दिवसांचं चक्र ठेवा: दादा, अण्णा, तुम्ही, परत दादा. तीन आणि सात एकमेकांत बसत नाहीत, त्यामुळे वार आपोआप सरकत जातो आणि २१ दिवसांत प्रत्येकाला प्रत्येक वार एकदा मिळतो. दिवसाची वीज आणि रात्रीची वीज बरोबर वाटली जाते, कुणाला काही मागावं लागत नाही.

जमीन मुरमाड असेल तर द्राक्षाला ठिबकने तीन दिवसांनी पाणी देऊन भागत नाही. मग रोजच्या साडेसहा तासांचे तीन भाग करा, प्रत्येकी दोन तास दहा मिनिटं, आणि पहिला नंबर रोज बदला. पहिल्या नंबरला विहीर भरलेली असते, पाइपाला दाब चांगला येतो, म्हणून तो फिरता हवा.

पाणी हिश्श्यावर वाटायचं, पिकावर नाही. "माझी बाग आहे, तुझा नुसता मका आहे" हे वाक्य बागायतदार भावाच्या तोंडी सहज येतं आणि ते फार लागतं. मक्यावर पोट भरणाऱ्यालाही आपली तीन पोरं त्यावरच शिकवायची असतात. गरज असेल तर उसनं मागा. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर तुम्हाला दोन तास जास्त हवेत, तर अण्णाकडून घ्या आणि त्याच महिन्यात फेडा. महिना उलटला की उसनं पाणी उपकार होतं, आणि उपकाराचा हिशोब कुणाचाच जुळत नाही.

वीज मध्येच गेली तर? एका तासापर्यंतची तूट ज्याची पाळी त्याची. त्याहून जास्त गेली तर तेवढे तास चक्र संपल्यावर, पुढच्या चक्राआधी भरून द्यायचे. डीपी जळाला आणि चार दिवस वीजच नाही, तर पाळी जिथे थांबली तिथून पुढे सुरू करायची. तारीख चुकते, क्रम चुकत नाही.

हे सगळं वहीत. मोटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला दोरीने बांधलेली शंभर पानी वही, आणि तिला बांधलेली पेन्सिल. पेनने लिहू नका. ओल्या हाताने शाई पसरते आणि जून उजाडेपर्यंत अर्धी पानं वाचता येत नाहीत. रकाने पाच: तारीख, कोण, मोटर चालू, मोटर बंद, दोरीची गाठ, म्हणजे पाण्याची पातळी. शेरा लिहायचा रकाना ठेवू नका. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या आठवड्यात "व्हॉल्व्ह बिघडला" येतं आणि चौथ्या आठवड्यात "कुणी बिघडवला ते माहीत आहे" येतं. वहीत फक्त आकडे. दुसऱ्याच्या ओळीत कुणी हात लावायचा नाही. चूक दिसली तर त्याला दाखवायची आणि त्यानेच दुरुस्त करायची. ज्याला लिहिण्याचा कंटाळा त्याच्या शाळकरी मुलीला सांगा, पोरं हे काम मन लावून करतात आणि कुणाला फसवत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात बागलाणकडे मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत चालत आली. बंधाऱ्यावरचं क्षेत्र फडांत विभागलेलं, एका फडात एकच पीक, आणि पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. तो वावरामागून वावर क्रमाने भिजवत जातो, मालक बांधावर उभा आहे की घरी झोपला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्याला पाणी हवं त्याच्या हातात पाण्याची चावी दिली की तो संशयाला पात्र होतो, माणूस कितीही भला असो. तिघांनी मिळून व्हॉल्व्ह फिरवायला एकच गडी ठेवला तर उत्तम. ते परवडत नसेल तर ती वही तुमचा पाटकरी.

मोटरचा खर्च हा दुसरा फुटणारा फोड. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्य सरकारची मोफत वीज योजना लागू झाली, त्यामुळे बिलावरून होणारी भांडणं बरीच थांबली. पण मोटरचं वाइंडिंग भरून घेणं, केबल, स्टार्टर, फुटव्हॉल्व्ह हे राहिलंच. मोटर कुणाच्या पाळीत जळली हे बघू नका. मोटर सहा महिन्यांत थोडीथोडी खराब होत असते, ती नेमकी बंद कुणाच्या दिवशी पडते हा योगायोग. दर महिन्याला तिघांनी सारखी रक्कम, समजा हजार-हजार रुपये, वेगळ्या खात्यावर टाका आणि दुरुस्ती तिथून करा. एक अपवाद आधीच ठरवा: थ्री-फेज गेल्यावर कपॅसिटर लावून दोन फेजवर जो मोटर ओढेल, किंवा पाणी संपल्यावर मोटर कोरडी चालू नये म्हणून बसवलेला प्रिव्हेंटर जो बायपास करेल, त्याच्या हातून मोटर जळाली तर पूर्ण खर्च त्याचा. हे घडण्याआधी ठरलं तर नियम असतो. घडल्यावर ठरवलं तर तो आरोप होतो.

आता बांध. बांध दरवर्षी सरकतो हे तुमचं म्हणणं खरं असू शकतं, आणि तरीही अण्णाने तो कोरला नसेल. भाड्याचा ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो, त्याला वावर चटकन संपवायचं असतं. तो रोटाव्हेटर बांधाला चिकटवून नेतो, वीतभर माती खाली येते. मालक त्या वेळी घरी चहा पीत असतो. पुढच्या वर्षी तीच कड नांगरायची सीमा ठरते. दहा वर्षांत पाच-सहा फूट जातात आणि कुणीच चोरी केलेली नसते.

उपाय मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी ऑनलाइन अर्ज करून मागवता येते आणि हद्दी दाखवणारा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, हातात येते. पण तुमची वाटणी तोंडी आहे. सरकारी मोजणीला पूर्ण गटाची हद्द मिळेल, तुमच्या तिघांमधली नाही. ती हवी तर आधी खातेफोड लागेल, म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे सर्व सहधारकांनी तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज. तोवर तिघांनी उभं राहून खासगी मोजणीदाराकडून आपल्या वाट्यांच्या कडा आखून घ्या. खर्च तीन ठिकाणी. आखल्याच्या दिवशीच सिमेंटचे खांब रोवा, दोन फूट खोल, तळाशी काँक्रीट. लाकडी खुंट्या आणि चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. खांबापासून दोन्हीकडे दीड फूट कुणी नांगरायचं नाही, गवत वाढू द्यायचं. ते गवत कुणी कापायचं हेही ठरवा, एक वर्ष तुम्ही, एक वर्ष अण्णा. हसू नका, बांधावरच्या गवताच्या भाऱ्यावरून डोकी फुटलेली आहेत.

झाड लावायचं असेल तर बांधावर नको, आपल्या हद्दीत दहा फूट आत. सावली पडली तर द्राक्षाच्या त्या ओळीत माल कमी धरतो. बागेच्या शेवटच्या खांबाला ताण देणारी तार आणि तिचा पुरलेला दगडही आपल्याच जागेत बसला पाहिजे, आणि ओळ संपल्यावर ट्रॅक्टर वळायला जागा सुटली पाहिजे. नवीन बाग लावताना दोन ओळी जास्त बसवायच्या मोहाने हे विसरतं आणि मग ट्रॅक्टर पुढची दहा वर्षं भावाच्या कांद्यातून वळतो.

रस्त्याचं थोडक्यात: पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला १२ फूट लागतात, तेवढा सोडा आणि कागदावर लिहा. चालता रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता मुळातच नसेल तर महसूल संहितेचं कलम १४३. शेजारच्या चुलत्यांशी जमिनीची अदलाबदल झालेली असेल, म्हणजे कागद एकाच्या नावावर आणि ताबा दुसऱ्याचा, आणि त्याला १२ वर्षं झाली असतील, तर २०२३ मध्ये आलेल्या सलोखा योजनेत ती हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी एवढ्यावर सरळ करता येते. योजनेला मुदत असते, म्हणून तलाठ्याकडे लगेच विचारा.

खातेफोडीच्या कागदात एक चूक हटकून होते. क्षेत्र लिहितात, चतुःसीमा लिहितात, आणि विहीर विसरतात. तुमच्याकडे विहीर अण्णाच्या वाट्यात आहे. कागदावर त्याचं अडीच एकर आलं आणि विहिरीतला तुमचा तिसरा हिस्सा लिहिला गेला नाही, तर आज अण्णा पाणी देईल, पण त्याचा मुलगा, किंवा उद्या ती जमीन घेणारा तिऱ्हाईत, कशाला देईल? म्हणून चार गोष्टी शब्दांत लिहा: विहिरीतला प्रत्येकाचा १/३ हिस्सा, पाइपलाइन कुठून जाते, वीजजोडणी कुणाच्या नावावर आणि तिचा वापर कुणाचा, आणि विहिरीपर्यंत जायची वाट. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीच्या हिश्श्याची नोंद झाली का, तेही बघून घ्या. अण्णाच्या बाजूनेही विचार करा. विहीर, शेड, वाट मिळून त्याची दोन-तीन गुंठे जागा अडते. ती भरपाई त्याला दुसऱ्या कडेला द्या. हे तुम्ही होऊन बोललात तर अर्धं काम झालं.

बहिणीला या सगळ्यात शेवटी सहीपुरतं आठवू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. ती हक्क सोडेल किंवा सोडणार नाही, ते तिचं. पण तिला विचारायला तिघांनी मिळून सिन्नरला जा, कागद आधी वाचायला द्या, आठवडाभर वेळ द्या. राखीपौर्णिमेला किंवा भाऊबीजेला घरी बोलावून ताटाशेजारी कागद ठेवणं हा तिचा अपमान आहे. सही होते, पण त्यानंतर ती माहेरी येते ती पाहुण्यासारखी.

आई-वडिलांची पाळी लावू नका. पाण्याची पाळी ठीक. दोन महिने इथे, दोन महिने तिथे, अशी म्हाताऱ्या माणसांची गाठोडी हलवणं बरं नाही. त्यांचं अंथरूण, औषधाचा डबा, देव्हारा एका जागी राहू दे. ते दादाकडे आहेत तर तुम्ही आणि अण्णाने दर महिन्याला ठरलेली रक्कम वहिनींच्या हातात द्यायची, दादाच्या नाही, कारण करतात त्या. दवाखान्याचा खर्च वेगळा, तीन ठिकाणी, पावती दाखवून. आणि खातेफोड करताना आई-वडिलांच्या नावावर थोडी जमीन राहू द्या, निदान त्यांच्या हयातीपर्यंत. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाता येतं, पण ज्या घरात ती वेळ येते तिथे पैसे मिळूनही काही उरत नाही.

एक धोका वेगळा सांगतो, कारण तुमच्याकडे द्राक्ष आणि मका शेजारी आहेत. मक्यातल्या रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. वाऱ्यावर त्याचे कण द्राक्षावर आले तर नवी पानं बारीक, पंख्यासारखी दुमडलेली येतात, शिरा जवळजवळ दिसतात. बागायतदार हे बघून समजतो की भावाने मुद्दाम केलं. अण्णाला बहुधा माहीतही नसेल की द्राक्ष या औषधाला इतकं नाजूक आहे. त्याला पान नेऊन दाखवा, रागावून नव्हे, पान म्हणून. बागेच्या बाजूच्या मक्यात त्याने हे औषध वापरू नये, तिथली खुरपणी लागेल तिची निम्मी मजुरी तुम्ही द्या. बाग वाचते त्यापुढे ती मजुरी काहीच नाही. आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. तो धुवून बागेत वापरला तरी उरलेला अंश पानं वाकडी करतो, म्हणून भावाचा पंप उसना आणताना आधी काय मारलं होतं ते विचारा.

बोलण्याच्या काही सवयी लावून घ्या. तक्रार त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, समोरासमोर, एका वेळी एकच. "काल तुझ्या पाळीनंतर व्हॉल्व्ह उघडा राहिला, माझ्या चार ओळींत पाणी साचलं. संध्याकाळी येऊन बघतोस का?" यात काय झालं ते आहे आणि काय हवं ते आहे. "तू नेहमीच असं करतोस" म्हटलं की तो व्हॉल्व्हचं सोडून "नेहमी"वर भांडतो, आणि ते तो जिंकतो, कारण नेहमी कुणीच काही करत नसतं. फॅमिली ग्रुपवर तक्रार टाकू नका. तिथे पुण्यातला मामेभाऊ आणि सुरतेची मावशीही वाचते, आणि माणूस चार लोकांसमोर चूक कबूल करत नाही. मजुरांच्या टोळीसमोर तर एक शब्दही नको. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणारी माणसं दोन्ही भावांकडे काम करतात, इथलं बोलणं तिथे पोचतं आणि जाताना त्याला पाय फुटतात.

वर्षातून दोनदा ठरवून बसा. पाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात एकदा, तेव्हा मालाचे पैसे आलेले असतात आणि सालाचा हिशोब तसाही होतो. दुसऱ्यांदा पोळ्याच्या आसपास, गोडी छाटणीच्या धामधुमीआधी. तेव्हा टोळी कुणाकडे आधी जाणार आणि मजुरी किती द्यायची हे एकत्र ठरवा, नाहीतर एकमेकांवर दर चढवत दोघंही जास्त देता. बैठकीला तिन्ही जावा बसल्याच पाहिजेत. ओळीतली निम्मी कामं त्या करतात, रात्री मोटर त्या बंद करतात आणि ठरवताना त्यांना चहा करायला आत पाठवतात. मग जे ठरलं ते त्यांना पटलेलं नसतं आणि महिन्यात मोडतं.

मध्ये तिसरा माणूस घालायचा तर तिघांनाही चालणारा, आणि तुमच्यापैकी कुणाचंही देणं-घेणं नसलेला. सोयरा शक्यतो नको, साडू तर नकोच. त्याला न्याय करायला सांगू नका, वही वाचायला सांगा.

आणि वाद चालू असतानाही सुखदुःखाला जायचं सोडू नका. अण्णाच्या मुलीची सुपारी असो, त्याच्या सासऱ्यांचा रामकुंडावरचा दशक्रिया विधी असो, जाऊन उभं राहा. जेवायला थांबलं नाही तरी चालेल. न जाणं मात्र वीस वर्षं लक्षात राहतं.

रविवारी अण्णा आला नाही तर चिडून मोजणी पुढे ढकलू नका. दादा आणि तुम्ही मोजा, ड्रम भरा, दोरीला गाठी मारा. वही शेडमध्ये टांगा. पहिल्या पानावर तिघांची नावं थोरल्यापासून क्रमाने लिहा आणि पाळी सुरू करा. अण्णाच्या दिवशी त्याची ओळ कोरी सोडा. तुम्हाला त्याची मोटर घरून ऐकू येत असेल, वेळही कळत असेल, तरी त्याच्या वतीने काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पाळीला पातळी घ्या आणि ती आपल्या ओळीत लिहा. तो शेडमध्ये रोज जातो, वही त्याच्या डोळ्यासमोर असते, आणि पेन्सिल तिला बांधलेली आहे.